शाळेची गाडी, तिचा चालक आणि समाजाची जबाबदारी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



२८ सप्टेंबर २०२१ रोजी सकाळी उमरखेडजवळच्या दहागाव येथे नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत होते. ‘गुलाब’ चक्रीवादळाच्या अवशेषाने त्या दोन दिवसांत मराठवाडा आणि विदर्भ झोडपून काढला होता. नांदेडहून नागपूरकडे निघालेली राज्य परिवहन महामंडळाची गाडी त्या पुलावर आली आणि प्रवाहाबरोबर वाहून गेली. गाडीत मोजकेच उतारू होते. दोघांचे प्राण वाचले, चौघे दगावले. दगावलेल्यांत गाडीचा चालकही होता.

ती गाडी शाळेची नव्हती. तरीही शाळकरी मुलांच्या वाहतुकीचा विचार करताना दहागावचा पूल बाजूला ठेवता येत नाही. यवतमाळ जिल्ह्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत असेच ठेंगणे पूल आणि असेच रपटे ओलांडून मुले शाळेत जातात. कोणी एस.टी.ने जाते, कोणी शाळेच्या पिवळ्या गाडीने, कोणी खाजगी व्हॅनने, तर कोणी ऑटोरिक्षात दाटीवाटीने बसून.

असा प्रसंग घडला की पहिला प्रश्न विचारला जातो तो हा, की पाणी डोळ्यांना दिसत असताना चालकाने गाडी पुढे घातलीच कशी? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याच्याच जोडीला दुसरा एक प्रश्न विचारावयास हवा आणि तो सहसा विचारला जात नाही. पाणी पाहून जो चालक गाडी थांबवितो, त्याच्या पाठीशी कोण उभे राहते? उशीर झाला म्हणून वरिष्ठ जाब विचारणार, परीक्षा बुडाली म्हणून पालक रागावणार, फेरी झाली नाही म्हणून मालक त्या दिवसाचे पैसे कापणार, ही धास्ती ज्याच्या मनात सतत वावरते, त्याचा निर्णय मोकळा राहू शकत नाही. गाडीतील मुलाची सुरक्षितता ऐन वेळी चालकाच्या निर्णयावर अवलंबून असते आणि चालकाचा निर्णय त्याच्या रोजीरोटीच्या सुरक्षिततेवर अवलंबून असतो. आजच्या विषयाचे सार एवढेच आहे. पुढचे सारे विवेचन त्याच्या पुष्ट्यर्थ आहे.

जिल्ह्याचे वास्तव

यवतमाळ जिल्ह्याचे क्षेत्रफळ १३ हजार ५८२ चौरस किलोमीटर. तालुके १६. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २७ लाख ७२ हजार, आणि तीतील दर पाच माणसांपैकी जवळजवळ चार माणसे खेड्यांत राहणारी. एका अंगाला वर्धा, दुसऱ्या अंगाला पैनगंगा आणि मधल्या प्रदेशात बेंबळा, अडाण, अरुणावती, पूस अशा नद्या व त्यांना मिळणारे असंख्य ओढेनाले. जमीन बहुतांशी काळी. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर घातलेला डांबरी रस्ता दोन पावसाळ्यांत खचतो, याचा अनुभव खेड्यांतल्या प्रत्येकाला आहे.

वस्तीची रचनाही ध्यानात घ्यावयास हवी. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर या तालुक्यांतील कोलामांचे पोड आणि पुसद, दिग्रस, महागाव या बाजूचे बंजारा तांडे मुख्य रस्त्यापासून आत असतात. पोडावर वा तांड्यावर चौथीपर्यंतची शाळा असेल. पण पुढील वर्गांसाठी मोठे गाव गाठावेच लागते. रस्त्यावर येऊन गाडी मिळाली तर शिक्षण, न मिळाली तर कापूस वेचणी किंवा घरातली धाकटी भावंडे सांभाळणे, असा हा हिशेब असतो. मुलींच्या बाबतीत तो अधिकच कठोर असतो.

रस्त्यांवरची वाहतूकही पूर्वीची राहिलेली नाही. वणीच्या परिसरात कोळशाच्या खाणी आहेत. तेथील रस्त्यांवर कोळसा वाहणाऱ्या अवजड ट्रकांच्या रांगा आणि शाळेच्या गाड्या एकाच वेळी धावतात. नागपूर–हैदराबाद महामार्ग पांढरकवड्यावरून जातो, तर नागपूर–तुळजापूर महामार्ग यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड असा जातो. हे रस्ते रुंद झाले, वेग वाढला. परंतु गावाकडून शाळेकडे जाणाऱ्या मुलाला आता तोच वेगवान रस्ता पायी ओलांडावा लागतो. कापसाच्या हंगामात ट्रॅक्टर आणि बैलगाड्या मागे दिवा नसताना पहाटेच्या अंधारात रस्त्यावर असतात. शाळेच्या गाडीच्या चालकाला हे सारे चुकवीत, चढणाऱ्या-उतरणाऱ्या मुलांवर नजर ठेवीत, घड्याळाशी शर्यत करावी लागते.

कायदा काय म्हणतो

१८ नोव्हेंबर १९९७ रोजी दिल्लीत वझिराबादच्या पुलावरून शाळेची एक बस यमुनेत कोसळली आणि २८ मुले मृत्युमुखी पडली. दोनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या वाहतुकीविषयीच्या चालू खटल्यात शैक्षणिक संस्थांच्या बसगाड्यांबाबत निर्देश दिले. चालकाला अवजड वाहन चालविण्याचा पुरेसा अनुभव असावा, बेदरकारपणे व निष्काळजीपणे गाडी चालविल्याचा ठपका त्याच्यावर आलेला नसावा, त्याचा गणवेश वेगळा असावा, असे ते निर्देश होते. पुढे महाराष्ट्राने २०११ साली स्कूल बससाठी स्वतंत्र नियम केले. पिवळा रंग, वेगनियंत्रक, प्रथमोपचाराची पेटी, अग्निशामक, संकटकाळी बाहेर पडण्याचे दार, मुलांची चढ-उतार पाहणारा मदतनीस आणि मुली असतील तर स्त्री-मदतनीस, या गोष्टी त्यांत आहेत. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापक, पालक, पोलीस, परिवहन खाते आणि वाहतूकदार यांची परिवहन समिती असावी आणि तिने थांबे, भाडे व सुरक्षितता यांचा विचार करावा, अशीही तरतूद आहे. २०२५ साली परिवहन खात्याने छोट्या शालेय व्हॅनसाठीही नवी नियमावली जाहीर केली. तिच्यात गाडीचा ठावठिकाणा सांगणारी यंत्रणा, कॅमेरे, दार उघडे राहिल्यास वाजणारी घंटा अशा उपकरणांवर भर आहे.

या तरतुदी चांगल्या आहेत आणि त्यांची अंमलबजावणी झालीच पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने वाचू गेल्यास त्यांत एक उणीव ठळकपणे दिसते. प्रत्येक कलमाला खर्च आहे. तो खर्च कोणी सोसावयाचा हे मात्र कोठेच ठरविलेले नाही. जे ठरविलेले नसते ते बाजार ठरवितो, आणि बाजार नेहमीच ते ओझे सर्वांत दुबळ्याच्या पाठीवर टाकतो. या व्यवहारात सर्वांत दुबळे दोघे आहेत. एक गरीब पालक आणि दुसरा गाडीचा चालक.

दाटीचे अंकगणित

गाडीत कोंबून मुले का भरली जातात, याचे उत्तर चालकाच्या स्वभावात शोधण्यापूर्वी साधा हिशेब करून पाहावा. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल धरलेले आहेत. कार्यकर्त्यांनी आपापल्या गावातील प्रत्यक्ष आकडे घालून तो पुन्हा मांडावा.

समजा, बारा मुलांना नेण्याची परवानगी असलेली एक छोटी गाडी आहे. ती चार-पाच वाड्यावस्त्यांवरून मुले आणते आणि पोहोचविते. दिवसाची एकूण धाव ६० किलोमीटर. महिन्यात शाळेचे दिवस २४. म्हणजे १ हजार ४४० किलोमीटर. लिटरला १२ किलोमीटर धरल्यास इंधन लागले १२० लिटर. लिटरमागे ९० रुपये धरले तरी इंधनालाच १० हजार ८०० रुपये झाले. आता उत्पन्न पाहा. दर मुलामागे महिना १ हजार रुपये घेतले, तर बारा मुलांचे १२ हजार. शिल्लक राहिले १ हजार २०० रुपये. एवढ्या रकमेत गाडीच्या कर्जाचा हप्ता, विमा, योग्यता प्रमाणपत्र, टायर, दुरुस्ती, चालकाचा पगार आणि मदतनिसाचा पगार भागवावयाचा आहे!

हे भागत नाही म्हणून बाराच्या जागी बावीस मुले बसतात. बावीस मुलांचे बावीस हजार आले की इंधन वजा जाता ११ हजार २०० रुपये उरतात आणि मग गाडी कशीबशी चालते. मदतनीस मात्र तरीही परवडत नाही. त्याची जागा एक तर रिकामी राहते किंवा तेथे आणखी दोन मुले बसतात. दुसरा मार्ग म्हणजे एकाच सकाळी दोन फेऱ्या करणे. तेव्हा पहिली फेरी उरकून दुसरी गाठण्यासाठी वेग वाढतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला. लहान मुलांची झोप पुरी व्हावी हा त्यामागील हेतू स्तुत्यच होता. परंतु दोन फेऱ्यांवर जगणाऱ्या वाहतुकीचे गणित त्याने कोलमडेल, अशी तक्रार बसचालक-मालकांनी लगेच केली. मुलाची झोप आणि गाडीचा हप्ता यांचा असा झगडा लागावा, हे खाजगी व्यवहारावर सोडलेल्या सार्वजनिक सेवेचे लक्षण आहे.

याचा अर्थ दाटी क्षम्य आहे असा मुळीच नव्हे. पोलिसांनी अशा गाड्यांवर कारवाई करावी हेही योग्यच. परंतु केवळ कारवाईने काय घडते तेही पाहिले पाहिजे. दंड झाला की चार दिवस गाडी बंद राहते. त्या चार दिवसांत गावातील सुस्थितीतले पालक मोटारसायकलीवरून मुलाला पोहोचवितात. मजुराची मुलगी घरी राहते. दंडाची रक्कम पुढच्या महिन्याच्या भाड्यात मिसळते. भाडे वाढले की दोन मुले पिवळ्या गाडीतून उतरून ऑटोरिक्षात जातात आणि ऑटोरिक्षाही परवडेनासा झाला की त्यांतले एखादे शाळाच सोडते. असुरक्षित गाडीतून काढलेले मूल सुरक्षित गाडीत गेले की गाडीविना उरले, याची नोंद दंडाच्या पावतीपुस्तकात नसते.

चालकाचा दिवस

शाळेच्या गाडीचा चालक पहाटे पाचला उठतो. गाडी पुसून, पाणी-हवा पाहून सहाच्या सुमारास पहिल्या वस्तीवर पोहोचतो. आठ-साडेआठपर्यंत मुले शाळेत उतरली की दुपारपर्यंत त्याला काम नाही, असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात त्या वेळेत तो त्याच गाडीने बाजाराची भाडी मारतो किंवा मालकाच्या दुसऱ्या कामावर जातो. कारण शाळेच्या फेऱ्यांवर त्याचे घर चालत नाही. सायंकाळी शेवटचे मूल उतरवून घरी परतेपर्यंत अंधार पडलेला असतो. लग्नसराईत रात्रीचे भाडे आले तर तेही नाकारता येत नाही. झोप अपुरी राहते, आणि तीच अपुरी झोप दुसऱ्या दिवशी पहाटे मुलांना घेऊन रस्त्यावर धावते.

त्यात वर्षाचे सारे महिने त्याला काम नसते. विदर्भातील उन्हामुळे येथील शाळा राज्याच्या इतर भागांच्या मानाने उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. उन्हाळ्याच्या सुटीत बहुतेक ठिकाणी चालकाला पगार मिळत नाही. मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा तर दीड वर्षाहून अधिक काळ ही वाहने उभी होती. शिक्षकाचा पगार त्या काळात थांबला नाही आणि थांबता कामाही नव्हता. पण त्याच शाळेच्या मुलांना वर्षानुवर्षे ने-आण करणारा माणूस शाळेचा कोणीही नाही, हे त्या वेळी उघड झाले. त्याच्याजवळ नेमणुकीचे पत्र नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, आजारपणाची रजा नाही. ताप आला तरी गाडी काढावी लागते. पन्नाशीत डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला तरी तो लपवावा लागतो. कारण दृष्टी तपासणे म्हणजे नोकरी गमावणे, असे समीकरण त्याच्या मनात पक्के असते. त्याची दृष्टी फुकट तपासली गेली, चष्मा वा शस्त्रक्रिया मिळाली आणि त्या काळात पगार चालू राहिला, तर तो स्वतः होऊन तपासणीला येईल. शिक्षेच्या भीतीने सत्य बाहेर येत नाही. ते बाहेर येण्यास माणसाला आधी आधार वाटावा लागतो.

जमावाची भीती हीसुद्धा त्याच्या जीवनातील एक वस्तुस्थिती आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १३४ वे कलम अपघातानंतर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देण्याचे कर्तव्य चालकावर टाकते. मात्र जमावाच्या क्षोभामुळे ते शक्य नसेल तर अपवाद, असेही तेच कलम म्हणते. जमाव चालकाला मारील हे कायद्यानेही गृहीत धरले आहे, असा याचा अर्थ झाला! जानेवारी २०२४ च्या आरंभी भारतीय न्याय संहितेतील अपघातानंतर पळून जाण्याबाबतच्या दहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध देशभरच्या चालकांनी गाड्या उभ्या केल्या. १ जुलै २०२४ रोजी ती संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम स्थगित ठेवावे लागले. जखमीला सोडून पळणे निंद्यच आहे. परंतु थांबणाऱ्याच्या जिवाची हमी राज्य देत नसेल, तर नुसती शिक्षा वाढवून त्याचे पाय थांबत नाहीत.

कामगार कायद्याबाहेरचा कामगार

मोटार वाहतुकीतील कामगारांसाठी १९६१ साली संसदेने स्वतंत्र कायदा केला होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, मध्ये विश्रांती, साप्ताहिक सुटी, या गोष्टी त्याने मान्य केल्या. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक उपक्रमांना तो लागू होता. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडील चालक तेव्हाही त्याच्या कक्षेबाहेर राहत होता. २०२० साली हा कायदा कामगारांच्या सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेत विलीन करण्यात आला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून संहिता अमलात आली. तिने मर्यादा पाचावरून दहावर नेली. म्हणजे पूर्वी जे थोडे चालक आत होते त्यांतलेही काही बाहेर गेले.

खेड्यापाड्यांतील शालेय वाहतूक ही प्रायः एक-दोन गाड्यांच्या मालकांचीच असते. पुष्कळदा मालक आणि चालक एकच असतो. ज्याच्या हाती बारा मुलांचे जीव आहेत, त्याने किती तास सलग गाडी चालवावी हे सांगणारा प्रभावी कायदा त्याच्यासाठी नाही. गाडीचा वेग नियंत्रित करणारे यंत्र सक्तीचे आहे. ती हाकणाऱ्या माणसाच्या कामाचे तास मात्र अनियंत्रित आहेत. या विसंगतीकडे लोकांचे लक्ष वेधणे हे आपल्या चळवळीचे काम आहे.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. चालकांत दारू पिणारे, बेदरकार, मुलांशी उद्धटपणे वागणारे नाहीत काय? आहेत. त्यांची गय करण्याचे कारण नाही आणि चालकांच्या संघटनांनीही त्यांना पाठीशी घालू नये. मुलींच्या पालकांना वाटणारी काळजी अनाठायी नाही. परंतु चांगला माणूस एखाद्या व्यवसायात टिकावा अशी इच्छा असेल, तर त्या व्यवसायात त्याला जगता आले पाहिजे. अल्प पगार, सहा महिन्यांनी बदलणारा मालक आणि सुटीत उपासमार अशा स्थितीत अनुभवी चालक नागपूर-पुण्याकडे ट्रक किंवा खाजगी आराम बसवर जातो, आणि शाळेच्या गाडीवर जो मिळेल तो बसविला जातो. न्यायालयाला हवा असलेला अनुभवी, निष्कलंक चालक नियमाच्या पुस्तकातून उगवत नाही; त्याला साजेसे वेतन दिल्यानेच तो मिळतो.

एस.टी.चे माघारीचे पाऊल

हा सारा भार खाजगी वाहनांवर पडला, याचे एक कारण सार्वजनिक वाहतुकीची पीछेहाट हे आहे. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली तेव्हापासून ग्रामीण महाराष्ट्राच्या शिक्षणात या सेवेने जे काम केले, त्याची बरोबरी कोणतीही शिक्षणसंस्था करू शकणार नाही. विद्यार्थ्यांना पासात दोनतृतीयांश सवलत, अहिल्याबाई होळकर योजनेखाली मुलींना मोफत प्रवास, आणि मानव विकास कार्यक्रमात राज्यातील २२ जिल्ह्यांच्या १२५ मागास तालुक्यांतून आठवी ते बारावीच्या मुलींसाठी खास बसगाड्या, हे सारे समाजवादी विचाराला जवळचे असे उपक्रम आहेत. यवतमाळ जिल्ह्यालाही त्यांचा लाभ झाला आहे. जून २०२४ पासून पास थेट शाळेत देण्याची सोय झाली, तीही स्वागतार्ह आहे.

परंतु पास हाती आहे आणि गाडी नाही, अशी अवस्था असेल तर सवलतीचा उपयोग काय? जिल्ह्यात १६ तालुके आणि एस.टी.ची आगारे नऊ. झरी-जामणी, मारेगाव, घाटंजीसारख्या तालुक्यांत आगार नाही. तेथील फेऱ्या दुसऱ्या तालुक्यातून येतात आणि गाडी कमी पडली की प्रथम त्याच फेऱ्या रद्द होतात. साथीपूर्वी महामंडळाच्या ताफ्यात सुमारे अठरा हजार गाड्या होत्या. नंतरच्या वर्षांत तो पुष्कळ आटला. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप चालला. अपुऱ्या व अनियमित वेतनाने गांजलेल्या कामगारांचा तो उद्रेक होता. त्या पाच-साडेपाच महिन्यांत खेड्यांतील विद्यार्थ्यांचे अतोनात हाल झाले आणि जी मुले खाजगी वाहनांकडे वळली, त्यांतील सारीच परत आली नाहीत. चालकाच्या वेतनाचा प्रश्न आणि मुलाच्या शिक्षणाचा प्रश्न एकच आहे, हे त्या संपाने दाखवून दिले; पण कामगार आणि पालक यांना एका व्यासपीठावर आणण्याचे काम त्या वेळी झाले नाही, ही उणीव कार्यकर्त्यांनी मोकळेपणाने मान्य करावयास हवी.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूहशाळा उभारण्याचे प्रस्ताव मागविले. अशा शाळांची संख्या १४ हजारांवर होती. शाळा एकत्र केल्यास मुलांना वाहनाने आणू, असे त्या वेळी सांगितले गेले. कोणत्या रस्त्याने, कोणाच्या गाडीने आणि किती पगाराच्या चालकाकरवी, हे विचारल्याविना असे आश्वासन स्वीकारता येत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा मुलाच्या घराजवळ आणण्याचे कर्तव्य शासनावर टाकले आहे. ज्या वस्तीजवळ शाळा नाही तेथील मुलांसाठी समग्र शिक्षा योजनेत वाहतुकीचे साहाय्य आहे. पण त्याची कमाल मर्यादा मुलामागे वर्षाला सहा हजार रुपये. वरच्या हिशेबातील मुलाचे दहा महिन्यांचे भाडेच दहा हजार होते, आणि तेही दाटीवाटीने बसण्याचे!

काय करावे

टीका पुष्कळ झाली. आता कार्यक्रमाकडे वळले पाहिजे. तो प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्याला आपल्या बळावर सुरू करता येईल असा हवा.

पहिली गोष्ट, पाहणी. प्रत्येक तालुक्यातील निदान एका मोठ्या शाळेची निवड करून तेथे मुले कशी येतात याची मोजदाद करावी. किती पायी, किती एस.टी.ने, किती पिवळ्या गाडीने, किती ऑटोरिक्षाने; भाडे किती; वाटेत ठेंगणे पूल किती; मदतनीस आहे की नाही; चालकाचा पगार किती आणि तो वर्षातून किती महिने मिळतो. ही माहिती हाती असल्याविना अधिकाऱ्यापुढे केलेली मागणी पोकळ ठरते.

दुसरी, परिवहन समिती जिवंत करणे. शाळाशाळांतून ती कागदावर असेल तर तिची बैठक मागावी, आणि तिच्यात मालकाखेरीज प्रत्यक्ष गाडी चालविणाऱ्या चालकाचाही प्रतिनिधी बसवावा. कोणता थांबा धोक्याचा आहे, कोणत्या वळणावर ट्रक अंगावर येतो, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

तिसरी मागणी लेखी हमीची. पुलावर पाणी असताना, दाट धुक्यात किंवा गाडी नादुरुस्त असताना जो चालक गाडी थांबवील त्याची मजुरी कापली जाणार नाही आणि त्याला जाब विचारला जाणार नाही, असे पत्र प्रत्येक शाळेने व प्रत्येक आगाराने काढावे. याला एक पैसा लागत नाही. त्याबरोबरच ठेंगण्या पुलांवर पाण्याची पातळी दाखविणारे खांब आणि वाट अडविण्याचे आडवे दांडे बसवावेत. पावसाळ्यात तेथे गावातील माणूस रोजंदारीवर नेमावा.

चौथी, बारा महिन्यांचा लेखी करार, किमान वेतन, ठरलेले तास आणि वर्षातून एकदा मोफत नेत्रतपासणी. कामगारसंख्येची दहाची मर्यादा शालेय वाहतुकीस लागू करू नये, अशी मागणी विधिमंडळात आणि संसदेत मांडली जावी. मदतनीस म्हणून गावातील बचतगटांतील स्त्रिया नेमून त्यांचे मानधन सार्वजनिक निधीतून दिल्यास मुली निर्धास्त होतील आणि गावात रोजगारही येईल.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे खर्चाची वाटणी. वाहतूक हा शाळेचा भाग मानावा. ज्याप्रमाणे खडू-फळ्याचा खर्च पालकाकडून मागितला जात नाही, त्याप्रमाणे वाडीवरच्या मुलाला शाळेपर्यंत आणण्याचा खर्चही समाजाने उचलावा. जेथे एस.टी. नेता येईल तेथे शाळेच्या वेळेप्रमाणे एस.टी. आणि जेथे मोठी गाडी जात नाही तेथे शाळेच्या करारावरील छोटी गाडी, अशी आखणी तालुक्यागणिक करता येण्यासारखी आहे.

यावर ‘एवढा पैसा कोठून आणावयाचा?’ असे विचारले जाईल. यवतमाळहून, पांढरकवड्याहून, उमरखेडहून रुंद महामार्ग गेले, तेव्हा पैसा कोठून आणावयाचा असे कोणी विचारले नव्हते. मालाच्या आणि मोटारींच्या वेगासाठी जो समाज एवढी गुंतवणूक करतो, त्याला पोडावरच्या मुलीच्या शाळेसाठी एक गाडी आणि तिच्या चालकाला पोटापुरता पगार देणे अशक्य नाही. अग्रक्रम कशाला द्यावयाचा एवढाच प्रश्न आहे, आणि अग्रक्रम बदलणे यालाच राजकारण म्हणतात.

पुढच्या पावसाळ्यात एखाद्या सकाळी जिल्ह्यातील कोणत्या तरी रपट्यावरून पाणी वाहत असेल आणि अलीकडे मुलांनी भरलेली गाडी येऊन उभी राहील. त्या क्षणी चालकाच्या मनात केवळ पाण्याचा आणि मुलांचा विचार यावा. कापल्या जाणाऱ्या मजुरीचा, मालकाच्या रागाचा, नोकरीचा विचार येऊ नये. तेवढी निर्भयता त्याला मिळवून देणे हे काम पावसाळ्यापूर्वी करावयाचे आहे आणि त्याचा आरंभ आपापल्या गावच्या शाळेपासून करता येईल.